टॉवेलला जीएसएम विचारता, मग पोर्टलला काय विचारता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमुक कार्यालयाचे काम आता ऑनलाइन, तमुक संस्थेचे नवे ॲप, अशा बातम्या वर्तमानपत्रात सतत येत असतात. बातमीत एक यादी असते: घरबसल्या बिल पाहा, पैसे भरा, पावती घ्या, तक्रार नोंदवा. उद्घाटनाला ही चारही कामे व्यासपीठावरच्या पडद्यावर करून दाखवतात आणि ती होतातही. महिना-दोन महिन्यांनी ओरड सुरू होते. साइट उघडत नाही, पैसे कटले पण पावती आली नाही, नाव अर्धेच छापले. मग सगळे म्हणतात, सॉफ्टवेअर नीट तपासलेच नाही. आम्ही हेच तपासणीचे काम करतो, म्हणून सांगतो की बहुतेक वेळा ते तपासलेले असते, पण जेवढे मागितले होते तेवढेच. खोट मागणीच्या कागदात असते.

सोलापूरकरांना हे टॉवेलवरून लगेच कळेल. टॉवेलचे काम अंग पुसणे. पण 'अंग पुसता येईल असा टॉवेल' एवढ्या वाक्यावर इथला एकही कारखानदार ऑर्डर घेणार नाही आणि एकही परदेशी खरेदीदार देणार नाही. साइझ ३० बाय ६० इंच, वजन ५०० जीएसएम (दर चौरस मीटरला ५०० ग्रॅम), धुतल्यावर रंगाचा पक्केपणा ग्रे स्केलवर ४ च्या खाली नको, आटणे अमुक टक्क्यांच्या आत, असे सगळे लिहून येते. ग्रे स्केल १ ते ५ असते, ५ म्हणजे रंग अजिबात हललेला नाही. माल त्यात बसला नाही तर परत येतो. 'रंग चांगला असावा' असे लिहिले असते, तर कोणाचाच माल परत पाठवता आला नसता.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात पहिल्या प्रकारच्या मागणीला फंक्शनल रिक्वायरमेंट म्हणतात. सॉफ्टवेअरने काय करायचे, ते तीत येते. बिल शोधायचे, रक्कम दाखवायची, पावती काढायची. दुसऱ्या प्रकाराला नॉन-फंक्शनल म्हणतात. तेच काम किती वेगाने, किती जणांसाठी, किती खात्रीने, किती सुरक्षितपणे आणि कोणत्या फोनवर व्हायचे, हे त्यात येते. पुस्तकी मराठीत याला 'अकार्यात्मक' म्हणतात. शब्द ऐकला की वस्तू बंदच पडली आहे असे वाटते, आणि मंजुरीच्या बैठकीत त्याला वागणूकही तशीच मिळते. 'गुणवत्तेच्या गरजा' हा शब्द आम्हाला बरा वाटतो. सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेसाठी आयएसओ २५०१० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या २०११ च्या आवृत्तीत ८ गुण होते. नेमलेले काम नीट होणे हा त्यातला एक. उरलेले ७ म्हणजे कार्यक्षमता, इतर यंत्रणांशी जुळणे, वापरातली सोय, भरवसा, सुरक्षा, दुरुस्तीची सोय आणि दुसरीकडे नेता येणे. २०२३ च्या आवृत्तीत ९ गुण झाले, धोकामुक्ततेची भर पडली. आपल्याकडच्या निविदांत मात्र पहिल्या गुणाला चाळीस पाने असतात आणि बाकीचे सगळे मिळून एका ओळीत उरकतात: 'प्रणाली वेगवान, सुरक्षित व वापरण्यास सुलभ असावी.'

या ओळीची चाचणी घेताच येत नाही. वेगवान म्हणजे किती? ठेकेदार स्वतःच्या लॅपटॉपवर पान अर्ध्या सेकंदात उघडून दाखवतो. तो खोटे बोलत नाही, पण त्या लॅपटॉपवर तो एकटाच असतो.

वेग मागायचा तर आधी गर्दी मोजावी लागते, आणि ती सरासरीने मोजली की फसगत होते. उदाहरणापुरते धरू या की एका शहरात मिळकतकराची २ लाख खाती आहेत. वर्षाच्या ३६५ दिवसांवर वाटली तर रोजची साधारण ५५०. त्यांना कामकाजाचे १० तास दिले आणि बिल शोधून पैसे भरून पावती घ्यायला माणसाला ६ मिनिटे लागतात असे धरले, तर कोणत्याही क्षणी साइटवर पाच-सहा माणसे असतात. पाच-सहा माणसे कोणतेही सॉफ्टवेअर सांभाळते. पण लोक असे भरत नाहीत. सवलतीच्या शेवटच्या तारखेला २० टक्के लोक आले, म्हणजे ४० हजार. त्यातले निम्मे संध्याकाळी ६ ते ९ मध्ये, कारण तेव्हा माग बंद करून, दुकान आवरून माणूस घरी येतो. २० हजार जण ३ तासांत, म्हणजे १०,८०० सेकंदांत. सेकंदाला १.८५ नवा माणूस आत येतो आणि प्रत्येक जण ३६० सेकंद थांबतो. गुणाकार केला की एकाच वेळी आत असलेली माणसे निघतात, जवळजवळ ६७०. सरासरीच्या हिशेबाने जिथे सहा दिसत होते, तिथे ६७०. गड्ड्याच्या यात्रेचा बंदोबस्त वर्षाची सरासरी काढून कोणी लावत नाही. आषाढीची पंढरपूरची दर्शनरांग असो की हंगामातला मार्केट यार्डातला कांदा, आपल्या जिल्ह्याला गर्दीचा दिवस ओळखता येतो. तोच हिशेब निविदेत उतरवायचा आहे.

म्हणून मागणीचे वाक्य असे हवे: 'एकाच वेळी १,४०० वापरकर्ते व्यवहार करत असताना, बिल शोधण्याच्या दर १०० पैकी ९५ विनंत्यांना ३ सेकंदांच्या आत उत्तर मिळावे, चुकीचे किंवा अपुरे उत्तर हजारात एकापेक्षा जास्त नसावे, ही स्थिती सलग २ तास टिकावी, चाचणीच्या वेळी डेटाबेसमध्ये २ लाख खाती व १० वर्षांची बिले भरलेली असावीत.' १,४०० म्हणजे ६७० ची दुप्पट आणि वर थोडे. एवढी मोकळीक ठेवावीच, कारण पहिले पान उघडले नाही की माणूस गप्प बसत नाही, तो पाच वेळा रिफ्रेश करतो.

'१०० पैकी ९५' का, सरासरी का नको? ९० विनंत्या १ सेकंदात सुटल्या आणि १० विनंत्यांना ३० सेकंद लागले, तर सरासरी ३.९ सेकंद येते. अहवालात आकडा बरा दिसतो आणि दहातला एक माणूस अर्धा मिनिट गोल फिरणारे चक्र पाहत बसतो. आणि डेटाबेस भरलेला का हवा? चाचणीच्या डेटाबेसमध्ये ५० नमुना खाती असतात. ५० ओळींत नाव शोधायला इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागे असते तशी सूची, लागत नाही, २ लाख खात्यांच्या १० वर्षांच्या बिलांच्या २० लाख ओळींत लागते. ती सूची लावायची राहिली असेल तर प्रत्येक शोधाला संगणक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चाळत जातो. रिकाम्या डेटाबेसवर ही चूक दिसणारच नाही.

आता 'पैसे कटले, पावती नाही' या तक्रारीकडे जरा बारकाईने पाहू, कारण लोकांचा सगळ्यात जास्त जीव तिथे जळतो. प्रोग्राम डेटाबेसशी बोलतो तेव्हा मोजक्या जोडण्या उघडून ठेवतो आणि त्या आळीपाळीने वापरतो. याला कनेक्शन पूल म्हणतात. जावा या प्रोग्रामिंग भाषेतल्या स्प्रिंग बूट या फार वापरल्या जाणाऱ्या चौकटीत (फ्रेमवर्कमध्ये), कोणी बदलला नाही तर, हा आकडा १० असतो. प्रोग्रामरने पैसे भरण्याचे काम असे लिहिले की आधी जोडणी घ्यायची, खाते वाचायचे, मग बँकेच्या गेटवेला, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणाऱ्या यंत्रणेला, विचारायचे, उत्तराची वाट पाहायची, पावती लिहायची आणि शेवटी जोडणी सोडायची. गर्दीच्या संध्याकाळी बँकेचे उत्तर यायला समजा २० सेकंद लागले. तेवढा वेळ ती जोडणी अडकून पडते. १० जोडण्या, प्रत्येक २० सेकंद, म्हणजे दोन सेकंदांना एक माणूस पुढे सरकतो. आणि येत आहेत सेकंदाला जवळजवळ दोन. बाकीचे रांगेत. त्याच चौकटीत रांगेत थांबण्याची मुदत मुळात ३० सेकंद असते, ती संपली की पडद्यावर एरर. त्यातच बँकेचे 'पैसे मिळाले' हे उत्तर उशिरा, वेगळी विनंती म्हणून आले आणि ते लिहायला नवी जोडणीच मिळाली नाही, की पैसे कटले आणि पावती नाही.

या सगळ्या वेळात सर्व्हरचा प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला असतो. तरीही पहिला उपाय म्हणून मोठा सर्व्हर घेण्याचा ठराव होतो. दुप्पट किमतीचा सर्व्हर आणला तरी जोडण्या दहाच राहतात. खरा उपाय कोडमध्ये आहे. 'व्यवहार सुरू' अशी नोंद करून जोडणी सोडून द्यायची, बँकेचे उत्तर आले की नव्याने घेऊन पावती लिहायची. शिवाय बँकेकडून येणारा निरोप ग्राहकाच्या फोनमार्फत न येता थेट सर्व्हरकडे आला पाहिजे, कारण ग्राहक मधेच ब्राउझर बंद करतो. तो निरोप दोनदा आला तरी पावती एकच निघाली पाहिजे. आणि रात्री गेटवेची यादी व आपली यादी जुळवून पाहणारे काम चालले पाहिजे, म्हणजे सुटलेल्या पावत्या सकाळपर्यंत निघतात. हे तपासायला फार सामग्री लागत नाही. यूपीआय पिन टाकल्याबरोबर मोबाइल डेटा बंद करा. तोच निरोप मुद्दाम दोनदा पाठवा. पैसे भरताना बॅकचे बटण दाबा. प्रत्येक वेळी पावत्या मोजा.

वाचकांसाठी जाता जाता: यूपीआयने व्यापाऱ्याला किंवा संस्थेला पैसे देताना खात्यातून रक्कम गेली आणि समोर पोचल्याची खात्री झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ती आपोआप परत आली पाहिजे, उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई, असे रिझर्व्ह बँकेचे २० सप्टेंबर २०१९ चे परिपत्रक सांगते. पण संस्थेच्या खात्यात पैसे पोचले आणि तिच्याच सॉफ्टवेअरने पावती हरवली, तर बँकेच्या लेखी व्यवहार पूर्ण झालेला असतो. तिथे परिपत्रक उपयोगी पडत नाही.

मग लोड चाचणीत, म्हणजे नकली गर्दीचा भार देऊन घेतलेल्या चाचणीत, हे का सापडत नाही? चाचणी चुकीची घेतलेली असते म्हणून. गेटवेची सरावासाठीची नकली बाजू पाव सेकंदात उत्तर देते, खरी बँक देत नाही. नकली बाजूला मुद्दाम ५ ते २० सेकंदांचा उशीर लावूनच चाचणी घ्यावी. दुसरी नेहमीची चूक म्हणजे हजार आभासी वापरकर्ते एकाच खाते क्रमांकाने शोध घेतात. पहिल्या शोधानंतर उत्तर कॅशमध्ये, म्हणजे हाताशी ठेवलेल्या तात्पुरत्या साठ्यात, बसते आणि पुढचे सगळे झटपट सुटतात. वेगवेगळे खाते क्रमांक एका फाइलमधून पुरवावे लागतात. तिसरी, ताण देणारा प्रोग्राम त्याच सर्व्हरवर चालवणे. मग तो आणि पोर्टल एकाच ताटात जेवतात आणि आकड्यांना अर्थ उरत नाही. चौथी, दहा मिनिटांत चाचणी थांबवणे. मेमरी थोडी थोडी गळत असेल, म्हणजे प्रोग्राम वापरलेली मेमरी परत सोडत नसेल, तर ती सातव्या-आठव्या तासाला जाणवते, म्हणून गर्दीची २ तासांची चाचणी वेगळी आणि निम्म्या भारावरची २४ तासांची वेगळी. अपाची जेमीटर हे यासाठीचे साधन फुकट मिळते, त्यामुळे खर्चाचे कारण टिकत नाही.

ही खोड आपल्याच गावची आहे असेही नाही. अमेरिकेत आरोग्य विम्याचे हेल्थकेअर डॉट गव्ह हे पोर्टल १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झाले, तेव्हा पहिल्या दिवशी फक्त ६ जणांची विमा नोंदणी पूर्ण झाली. वेगवेगळ्या कंपन्यांनी केलेले भाग सुटे सुटे तपासले होते. सगळे जोडून अथपासून इतिपर्यंतची चाचणी अगदी शेवटच्या दोन आठवड्यांत सुरू झाली होती.

आता मराठीचा प्रश्न. तो निविदेत 'मराठी भाषेची सुविधा असावी' एवढ्यावर सुटतो आणि त्याचा अर्थ बटणांवर मराठी शब्द असा घेतला जातो. एक नाव घेऊन पाहू: सिद्धेश्वर मल्लिकार्जुन, आडनाव पुढे. संगणकात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीत ३ बाइट घेते, आणि काना, वेलांटी, पाय मोडल्याची खूण हीसुद्धा वेगळी चिन्हेच असतात. 'सिद्धेश्वर' मध्ये १० चिन्हे, म्हणजे ३० बाइट. मधली मोकळी जागा १. 'मल्लिकार्जुन' मध्ये १२ चिन्हे, ३६ बाइट. एकूण ६७. इंग्रजी नावांच्या अंदाजाने रकाना ५० बाइटचा ठेवला असेल, तर काही प्रणाली नोंद नाकारतात आणि काही मुकाट्याने तोडतात. तोडले तर छापून येते 'सिद्धेश्वर मल्लिक' आणि पुढे चौकटीतले एक प्रश्नचिन्ह, कारण पन्नासावा बाइट 'क' नंतरच्या कान्याचा एक तृतीयांश तुकडा असतो. आडनाव तर आलेच नाही. मराठीतल्या नावासाठी रकाना बाइटमध्ये न मोजता चिन्हांत मोजावा आणि किमान १५० चिन्हांचा ठेवावा, असे आमचे मत आहे.

दुसरी भानगड 'ऱ्या' ची. 'शेतकऱ्यांची यादी' या शब्दांतला ऱ दोन प्रकारे साठतो, एक सबंध चिन्ह म्हणून किंवा साधा र आणि खाली नुक्ता (टिंब) म्हणून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. एका कीबोर्डवरून भरले आणि दुसऱ्यावरून शोधले तर संगणक म्हणतो, नोंद नाही. साठवतानाच युनिकोडचे (संगणकातल्या लिपीचिन्हांच्या मानकाचे) सामान्यीकरण केले, म्हणजे सारखी रूपे एकाच पद्धतीत आणली, तर हे मिटते. 'ॲ' मात्र त्यानेही मिटत नाही. हे चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्याआधीच्या मजकुरात अ वर चंद्र देऊन लिहिलेला 'अॅ' असतो, आणि सामान्यीकरणाचे नियम या दोघांना एक मानत नाहीत. त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. शिवाय मराठी एसएमएस. इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरे बसतात, देवनागरीत ७०. लांब संदेश तुकड्यांत जातो तेव्हा प्रत्येक तुकड्यात ६७ च. १५० चिन्हांचा मराठी निरोप ३ तुकड्यांत जातो आणि पैसे तिघांचे लागतात. २ लाख खातेदारांना एक सूचना पाठवायची तर बिल ६ लाख तुकड्यांचे. मग खर्च पाहून कोणीतरी संदेश इंग्रजीत करून टाकतो आणि शहराच्या पूर्व भागातल्या विडी कामगार बाईला तो वाचता येत नाही. निरोप ६०-६५ चिन्हांत बसवणे ही मागणी सुरुवातीलाच लिहिली असती तर पैसे आणि भाषा दोन्ही वाचले असते.

भरवशाचे उदाहरण साखर कारखान्याच्या वजनकाट्याचे घेऊ, जिल्ह्यात कारखान्यांना तोटा नाही. हंगामात काटा रात्रंदिवस चालतो. 'वजनाची पावती निघावी' ही फंक्शनल मागणी. मध्यरात्री नेट गेले तर काय, हा प्रश्न नॉन-फंक्शनल मागणीतला, आणि बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागल्यावर तोच मोठा. अशा वेळी काट्यावरच्या संगणकाने वजन स्वतःकडे नोंदवून पावती दिली पाहिजे आणि नेट आल्यावर मुख्य सर्व्हरकडे पाठवले पाहिजे. एवढे बहुतेक जण करतात. पण दोन काट्यांचे नेट एकाच वेळी तुटले आणि दोघांनीही पुढचा क्रमांक म्हणून ४५११ दिला, तर जोडणी परत आल्यावर एका शेतकऱ्याची खेप दुसऱ्याच्या खेपेवर लिहिली जाते. क्रमांकाच्या आधी काट्याचे अक्षर लावले की प्रश्न संपतो. चाचणीही सोपी आहे. दोन्ही काट्यांच्या नेटची वायर काढा, प्रत्येकावर २० खेपा करा, वायर लावा आणि सर्व्हरवर ४० नोंदी आहेत का मोजा. मग एका काट्याचे घड्याळ दहा मिनिटे मागे करून पुन्हा तेच करा. पहिल्याच वेळी ४० जुळले तर ठेकेदाराला चहा पाजा.

सुरक्षेबद्दल थोडक्यात, कारण त्यासाठी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीवरच्या संस्थेकडून ऑडिट करून घ्यायची पद्धत तरी रुळली आहे. तरीही एक तपासणी कोणत्याही संचालकाला स्वतः करता येईल. स्वतःच्या खात्यात शिरून पावती उघडा. वर ब्राउझरच्या पत्त्यात पावती क्रमांक १०४१ दिसत असेल तर तो १०४२ करा. शेजाऱ्याचे नाव, पत्ता, मोबाइल दिसला तर पोर्टल सुरू करू नका. ओवॅस्प या संस्थेच्या २०२१ च्या धोक्यांच्या यादीत हाच प्रकार, म्हणजे दुसऱ्याच्या माहितीपर्यंत पोचता येणे, पहिल्या क्रमांकावर आहे. ओटीपी ४ आकडी आणि प्रयत्नांना मर्यादा नाही, असे तर नाही ना, हेही पाहा. ४ आकडी संख्या दहा हजारच असतात, प्रोग्रामला त्या सगळ्या टाकून पाहायला फार वेळ लागत नाही. मागणी अशी हवी: ६ आकडे, ५ चुकीचे प्रयत्न झाले की खाते ३० मिनिटे बंद. इथे एक गंमत आहे. 'खाते ३० मिनिटे बंद करणे' हे काम झाले, म्हणजे फंक्शनल, पण ते जन्मले सुरक्षेच्या मागणीतून. फंक्शनल आणि नॉन-फंक्शनल यांमधली भिंत एवढी पक्की नसते. त्यावरून वाद घालत बसण्यापेक्षा दोन्ही लिहून घ्यावे.

उपलब्धतेचा टक्काही तपासून घ्या. '९९ टक्के वेळ चालू' ऐकायला भारी वाटते. वर्षाच्या १ टक्का म्हणजे ३ दिवस १५ तास बंद. ९९.९ लिहिले तर पावणेनऊ तास. आणि ते तास कोणते, हेही लिहायला हवे. रात्री २ ला बंद ठेवले तर कोणाचे काही बिघडत नाही, सवलतीच्या शेवटच्या संध्याकाळी बंद असेल तर ९९.९ चा हिशेब पाळूनही लोकांना भुर्दंड. बॅकअपचेही तसेच. 'बॅकअप रोज घेतला जातो' हे वाक्य कामाचे नाही. कोऱ्या संगणकावर तो बॅकअप परत उभा करून ४ तासांत पोर्टल चालू करून दाखवा, आणि फार तर शेवटच्या १५ मिनिटांच्या नोंदी गेल्या तर चालतील, असे आकडे लिहावेत. परत उभा करून न पाहिलेली बॅकअपची फाइल कोरी निघण्याचे प्रसंग या धंद्यात नवे नाहीत.

आणि सोलापूरचा मे महिना. पारा ४२ अंशांच्या वर जातो. सर्व्हर क्लाउडवर न ठेवता कार्यालयाच्या खोलीत ठेवला असेल तर त्याच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंशांत असावी अशी शिफारस असते. वीज गेली की यूपीएस सर्व्हरला जगवतो, पण एसी यूपीएसवर नसतो. तासाभरात खोली भट्टी होते आणि सर्व्हर स्वतःला बंद करतो. घरोघरी फिरून मोजणी करायच्या ॲपची चाचणी तर उन्हातच घ्यावी. ॲपल स्वतःच्या फोनसाठी भोवतालचे तापमान ० ते ३५ अंश असावे असे सांगते. भर दुपारी फोन तापला की पडदा मंद होतो आणि राखाडी अक्षरे पांढऱ्यावर दिसेनाशी होतात. अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ ला १ असावे, हा वेबच्या सुलभतेच्या मानकातला आकडा कमी दिसणाऱ्यांसाठी आहे, पण उन्हात उभे राहिले की आपण सगळेच त्यांच्यात जमा.

पहिल्या पानावर मान्यवरांचे फोटो असतात, त्यांचेही वजन असते. पान ६ एमबीचे झाले आणि माणसाच्या फोनला १ एमबीपीएसचा (सेकंदाला एक मेगाबिट, आणि ८ बिट म्हणजे १ बाइट) वेग मिळत असेल तर ते उघडायला ४८ सेकंद लागतात. पहिले पान ५०० केबीच्या आत, ही मागणी लिहायला अर्धी ओळ पुरते. तिची अंमलबजावणी करायला मात्र धाडस लागेल.

आमचे म्हणणे एवढेच आहे की नगरपालिका, बाजार समित्या, पतसंस्था, कारखाने आणि शिक्षणसंस्था यांनी सॉफ्टवेअरची निविदा काढताना प्रत्येक विशेषणाच्या जागी एक आकडा, तो मोजायची रीत आणि तो मोजणाऱ्याचे नाव लिहावे. मोजणारा ठेकेदाराचा माणूस नसावा. बिलाचा शेवटचा हप्ता या आकड्यांच्या अहवालाला बांधावा. आकडे ठरवायला परक्या सल्लागाराची गरज नाही. काट्यावरच्या कारकुनाला आणि कर भरणा खिडकीवरच्या बाईंना गर्दी कधी आणि किती होते ते तोंडपाठ असते, त्यांना बैठकीत बसवावे.

आणि संपादक महोदय, आपल्या वार्ताहरांना एक विनंती. पुढच्या ॲपच्या उद्घाटनाला गेल्यावर तीन गोष्टी विचाराव्यात: एका वेळी किती वापरकर्त्यांवर चाचणी झाली, ती सलग किती तास चालली, आणि अहवालावर तारीख कोणती आहे. उत्तर मिळाले तर ते फोटोखालच्या ओळीत छापावे. नाही मिळाले तर तसे छापावे.

आपले,
सॉफ्टवेअर चाचणीच्या व्यवसायातील काही वाचक,
सोलापूर